चोविसाने भागून पाहावे : लहान मापाच्या मोटारींविषयी वाचकांचे प्रश्न

मोटारींची किट, म्हणजे प्लॅस्टिकच्या सुट्या भागांतून लहान मॉडेल बनवण्याचे संच, जोडणाऱ्या आणि त्यांवर बारीक काम करणाऱ्या वाचकांच्या पत्रांतील काही प्रश्नांची उत्तरे या वेळी देत आहोत. एकाच अडचणीविषयीची पत्रे एकत्र केली आहेत. ज्या प्रश्नाला चार ओळी पुरतात त्याला चारच ओळी दिल्या आहेत, आणि रंगकामाविषयीची पत्रे सर्वांत जास्त असल्याने जागाही तिकडेच अधिक गेली आहे.

प्रश्न : १:२४ आणि १:२५ अशी इतकी जवळची दोन प्रमाणे कशासाठी? दोन्ही मोटारी एकाच फळीवर ठेवल्या तर विजोड दिसतील का? आणि एका किटचे भाग दुसऱ्याला चालतात का?

उत्तर : १:२४ म्हणजे खऱ्या मोटारीच्या चोविसाव्या भागाइतके मॉडेल, आणि १:२५ म्हणजे पंचविसाव्या. दोन्ही प्रमाणांचा उगम वेगळा आहे. १:२४ हे फूट-इंचांच्या हिशेबातून आले. एका फुटाला अर्धा इंच धरला की हे प्रमाण मिळते, आणि एका फुटाला पूर्ण इंच धरला की १:१२. १:२५ हे प्रामुख्याने अमेरिकेतले प्रमाण आहे. तेथील मोटार कंपन्या नवी गाडी बाजारात आणताना विक्रेत्यांच्या दालनात ठेवण्यासाठी तिच्या हुबेहूब लहान प्रतिकृती बनवून घेत असत. १९४८ साली सुरू झालेली ‘एएमटी’ ही कंपनी याच व्यवसायातून वाढली आणि १९५८ मध्ये तिने त्याच धाटणीची, ग्राहकाने स्वतः जोडायची किट विकायला काढली. त्यामुळे जुन्या अमेरिकन मोटारींची बरीचशी किट १:२५ मध्ये मिळतात, तर तामिया, हासेगावा, फुजिमी आणि आओशिमा या जपानी कंपन्या, ज्या चारही शिझुओका प्रांतातल्या आहेत, रस्त्यावरच्या मोटारींसाठी १:२४ ला धरून राहिल्या आहेत.

साडेचार मीटर लांबीची मोटार १:२४ मध्ये १८७.५ मिलिमीटर भरते आणि १:२५ मध्ये १८०. साडेसात मिलिमीटरांचा हा फरक एकाच गाडीची दोन मॉडेल्स खेटून ठेवली तरच डोळ्यांत भरतो, एरवी नाही. चाकांची अदलाबदल बहुधा निभावते, कारण ६५ सेंटिमीटर व्यासाचे टायर एका प्रमाणात २७ मिलिमीटर आणि दुसऱ्यात २६ मिलिमीटर होते, आणि खऱ्या मोटारींच्या टायरांतही एवढा फरक असतोच. डॅशबोर्ड, आसने किंवा चासी मात्र बदलू नयेत. तेथे रुंदीतला फरक दोन्ही बाजूंना फटी पाडतो आणि त्या बुजवता बुजवता मूळ आकार हरवतो. १:४३ ही वेगळीच जात आहे. एका फुटाला ७ मिलिमीटर या हिशेबाने बनणाऱ्या ब्रिटिश खेळण्यातल्या रेल्वेच्या मापातून ती आली, आणि तिला फळीही वेगळीच द्यावी.

प्रश्न : मी आजवर एकही किट जोडलेले नाही. इंजिन, उघडणारे बॉनेट आणि उघडणारे दरवाजे असलेले मोठे किटच एकदम घ्यावे असे मनात आहे. आपले मत काय?

उत्तर : घेऊ नये. उघडणारा प्रत्येक भाग म्हणजे चहूबाजूंनी सारखी ठेवावी लागणारी एक फट, आणि ती साधणे हे अनुभवी हातांनाही सहज जमत नाही. पहिल्यांदा बिनइंजिनाचे, बॉनेट बॉडीतच ओतलेले किट निवडावे. त्यात बॉडी, काचा, आसने व डॅशबोर्ड बसतात ते आतले टब, चासी आणि चाके एवढीच मुख्य कामे असतात, आणि त्यामुळे सर्व लक्ष बॉडीच्या पृष्ठभागाकडे देता येते. शेवटी पाहणाऱ्याची नजर तेथेच जाते. रंग फिका आणि एकसंध निवडावा. काळ्या रंगात प्रत्येक ओरखडा दिसतो, लाल आणि पिवळा लवकर झाकत नाहीत, आणि मेटॅलिक रंग पॉलिश पेपरने दुरुस्त करता येत नाही.

जुन्या साच्यांतून काढलेले किट घेताना आणखी एक पाहावे. एके काळी अनेक जपानी किटमध्ये लहान विजेची मोटर आणि बॅटरी बसवण्याची सोय असे. त्या सोयीसाठी चासीला दिलेला फुगवटा पुढेही तसाच राहिला आणि त्यामुळे काही मॉडेल्स खऱ्या मोटारीपेक्षा उंच उभी राहतात. चाके बसवण्याआधी चाकाचा वरचा काठ आणि बॉडीची कमान यांमधले अंतर छायाचित्रात पाहून मोजावे आणि गरज असेल तर आसाच्या खाचा तासून गाडी खाली आणावी. एक मिलिमीटर खाली आणलेली गाडी खऱ्या मापात अडीच सेंटिमीटरच्या आसपास खाली बसते. तेवढ्याने तिची सगळी ऐट बदलते.

प्रश्न : डब्यातल्या स्प्रेने रंग दिला की पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो. कधी उलट ओघळ येतात. दारांच्या फटीही रंगाने भरून जातात. शोरूममधल्या मोटारीसारखी चकाकी कशी आणावी?

उत्तर : आपल्या तीनपैकी दोन तक्रारींचे, म्हणजे ओघळांचे आणि भरलेल्या फटींचे, मूळ रंगाच्या जाडीत आहे, म्हणून आधी थोडा हिशेब करू. कारखान्यातून आलेल्या मोटारीवर प्रायमर (रंगाखालचा पहिला थर), रंग आणि वरचा पारदर्शक थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडीचा लेप असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. चोविसाने भागले तर मॉडेलवर तो ४ ते ६ मायक्रॉन असायला हवा. इतका पातळ थर हाताने देणे शक्य नाही, आणि आपण कितीही जपून काम केले तरी वीस-तीस मायक्रॉन तरी चढतातच. दाराची फट खऱ्या मोटारीत ४ मिलिमीटरची असेल तर मॉडेलवर ती ०.१७ मिलिमीटर भरते. अशा फटीत दोन्ही काठांनी रंग चढला तर ती बुजणारच. म्हणून रंग देण्याआधी सर्व फटी कोरणीने किंवा ब्लेडच्या पाठीने थोड्या खोल करून घ्याव्यात. खोल कराव्यात, रुंद करू नयेत. धारेने कोरू नये, कारण धार प्लॅस्टिक कापून दोन्ही बाजूंना ढकलते आणि वर कड उभी राहते. ब्लेडची पाठ मात्र बारीक कीस काढत जाते.

त्यानंतर बॉडी भांडी घासण्याच्या साबणाने धुवावी, कारण साच्यातून सुटण्यासाठी वापरलेल्या द्रव्याचा अंश तिच्यावर असू शकतो. साच्याचे दोन भाग जेथे मिळतात तेथे बॉडीवर एक अगदी पुसट शिवण राहते. ती बहुतेकदा पुढच्या मडगार्डावरून छताच्या खांबांवर चढून मागे उतरते. खऱ्या मोटारीवर तेथे काहीही नसते, आणि नवखे काम ओळखण्याची ती पहिली खूण असते. ६०० आणि मग १००० नंबरच्या वॉटर पेपरने ती काढून टाकावी. प्रायमर दिल्यावर राहिलेली शिवण आणि प्लॅस्टिक थंड होताना पडलेले खळगे उघडे पडतात. प्रायमरचे निम्मे काम हे दोष दाखवण्याचेच असते, तेव्हा येथे घाई करू नये.

आता सालीसारख्या पृष्ठभागाविषयी. रंगाचे थेंब बॉडीवर पोहोचेपर्यंत अर्धवट सुकले, तर ते एकमेकांत मिसळून सपाट होत नाहीत आणि दाणा राहतो. डबा फार दूर धरणे, हवा फार कोरडी आणि गरम असणे, किंवा डबा थंड असल्याने थेंब मोठे पडणे, ही त्याची नेहमीची कारणे आहेत. डबा कोमट पाण्यात काही मिनिटे ठेवावा. उकळत्या पाण्यात किंवा आचेजवळ त्याचा स्फोट होऊ शकतो. अंतर १५ ते २० सेंटिमीटर ठेवावे, फवारा बॉडीच्या अलीकडे सुरू करून पलीकडे जाऊन थांबवावा, आणि हात एका गतीने चालवावा. पहिला हात केवळ धुक्याइतका द्यावा, म्हणजे पुढच्या थरांना धरायला जागा मिळते. दुसरा थोडा अधिक, आणि शेवटचा ओला, चकाकता. ओघळ येतात ते बहुधा पहिल्याच हातात सगळे झाकण्याच्या हट्टामुळे. एअरब्रश, म्हणजे दाबलेल्या हवेने रंग फवारणारे पेनासारखे साधन, असेल तर ०.३ मिलिमीटरचे तोंड आणि १ ते १.५ बार दाब बॉडीसाठी पुरेसा होतो. बॉडी मोठी असेल तर ०.५ चे तोंड अधिक बरे.

एवढे करूनही थोडा दाणा राहतोच, आणि शोरूमची चकाकी पुढच्या कामातून येते. रंग पूर्ण वाळू द्यावा. बॉडी नाकाजवळ नेल्यावर थिनरचा वास येत असेल तर तो वाळलेला नाही. मग १५०० किंवा २००० नंबरचा पेपर पाण्यात भिजवून, साबणाचा थेंब घालून, अगदी हलक्या हाताने फिरवावा आणि त्यानंतर जाड, मध्यम व बारीक अशा क्रमाने पॉलिशिंग कंपाउंड घासावे. मडगार्डाच्या कडा, बॉनेटवरच्या उठावाच्या रेघा आणि दारांचे काठ येथे रंग सर्वांत पातळ असतो, म्हणून तेथे आधी टेप लावावी. मेटॅलिक रंगाला पेपर लावायचा नाही, कारण त्यातील चकचकीत कणांची मांडणी बिघडून डाग पडतात. त्यावर पारदर्शक लॅकरचे (तीव्र थिनरमधल्या, झटपट वाळणाऱ्या रंगाचे) थर द्यावेत आणि घासायचे ते त्याच थराला. मेटॅलिकच्या बाबतीत बॉनेट, डिकी आणि आरसे बॉडीवर जागच्या जागी टेकवून, एकाच बैठकीत आणि एकाच दिशेने रंगवावेत. वेगवेगळे रंगवलेले भाग एकाच डब्यातल्या रंगाचे असूनही निराळे दिसतात.

रंगांचा क्रमही सांभाळावा. लॅकरवर इनॅमल (सौम्य थिनरमधला, सावकाश वाळणारा रंग) चालते, पण इनॅमलवर लॅकर दिले तर त्यातील तीव्र थिनर खालचा थर उठवते आणि पृष्ठभाग सुरकुततो.

प्रश्न : पावसाळी हवेत दिलेला काळा लॅकर रंग वाळल्यावर दुधट झाला. रंग खराब होता का?

उत्तर : रंग चांगला असावा. थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतील बाष्प त्यावर जमते आणि थरात अडकते. हवेतील आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर असेल तर लॅकर देणे टाळावे. निस्तरण्यासाठी कोरड्या दिवशी त्यावर हळू उडणारे, म्हणजे रिटार्डर मिसळलेले, थिनर अगदी पातळ फवारावे. वरचा थर किंचित विरघळतो, अडकलेले पाणी निघून जाते आणि काळा रंग बहुतेक वेळा परत येतो.

प्रश्न : लाल प्लॅस्टिकच्या बॉडीवर पांढरा रंग दिला. दोन थर दिले तरी गुलाबी झाक जात नाही.

उत्तर : आणखी दहा थर दिले तरी जाणार नाही. प्लॅस्टिकमधला लाल रंग थिनरमध्ये विरघळून वर येत आहे, आणि प्रत्येक नवा थर त्याला पुन्हा वर ओढतो. मध्ये आडकाठी हवी. चंदेरी लॅकरचा एक सलग थर हे काम चांगले करतो, कारण त्यातील ॲल्युमिनियमचे चपटे कण एकमेकांवर पडून पडदा तयार होतो. त्यावर पांढरा प्रायमर आणि मग रंग द्यावा. गुलाबी प्रायमर मिळतो तो याच्या उलट कामासाठी असतो. लाल आणि पिवळ्या रंगांखाली तो दिला तर कमी थरांत उजळ रंग मिळतो.

प्रश्न : जुन्या मोटारीच्या खिडक्यांभोवतीच्या क्रोमच्या पट्ट्या चंदेरी रंगाने काढल्या, पण त्या करड्या आणि वेड्यावाकड्या दिसतात. किटमधले क्रोमचे भागही खेळण्यासारखे चमकतात.

उत्तर : पट्ट्यांसाठी कुंचला बाजूला ठेवून बेअर-मेटल फॉइल वापरावे. हा पाठीमागे चिकट द्रव्य असलेला अत्यंत पातळ धातूचा पत्रा आहे, आणि तो खालच्या उठावावर इतका घट्ट बसतो की रंगच वाटतो. बॉडी रंगवून आणि पॉलिश करून झाल्यावर पट्टीपेक्षा थोडा रुंद तुकडा कापून जागेवर ठेवावा, कापसाच्या काडीने मधून बाहेर दाबत जावे, टोकदार लाकडी काडीने कडा खाचेत बसवाव्यात आणि कोऱ्या ब्लेडने कडेकडेने कापून जास्तीचा भाग उचलावा. ब्लेडवर हाताचे वजन द्यायचे नाही. ते जुने असेल तर फॉइल कापण्याऐवजी फाडते, म्हणून एका गाडीला दोन-तीन ब्लेड गेले तर तो खर्च वाया गेला असे समजू नये. वळणावर एकच तुकडा ओढून ताणण्यापेक्षा दोन तुकडे एकावर एक चढवावेत. नीट दाबल्यावर तो सांधा दिसत नाही. खऱ्या मोटारीवरची १० मिलिमीटरची पट्टी येथे ०.४ मिलिमीटर होते. ती थोडी जाड झाली तरी गाडी एकदम भारी आणि बोजड दिसू लागते.

मडगार्डावर किंवा डिकीवर उठावात ओतलेली अक्षरे असतील तर क्रम उलटा करावा. प्रायमरनंतर अक्षरांवर फॉइल लावून घट्ट दाबावे, त्यावर बॉडीचा रंग द्यावा, आणि वाळल्यावर थिनरमध्ये किंचित ओलसर केलेल्या, कडक गुंडाळलेल्या कापडाने फक्त अक्षरांचा माथा पुसावा. रंग निघून फॉइल उघडे पडते आणि कोणत्याही कुंचल्याने न साधणारी रेखीव अक्षरे मिळतात. ही युक्ती ज्याने शोधली त्याचे मला नेहमी कौतुक वाटते.

बंपर आणि जाळीवरचे क्रोम म्हणजे निर्वात पोकळीत चढवलेला ॲल्युमिनियमचा थर असतो. तो ठीक असेल तर जाळीच्या खाचांत पातळ काळा रंग सोडला तरी खेळण्याचा भाव पुष्कळ कमी होतो. शिवण काढायची असेल तर तो थर उतरवावाच लागतो. कपडे शुभ्र करण्यासाठी वापरतात त्या सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात भाग बुडवून ठेवला की थोड्या वेळात ॲल्युमिनियम निघून जाते. हातमोजे घालावेत आणि त्या द्रावणात कोणतेही आम्ल मिसळू देऊ नये, कारण त्यातून क्लोरीन वायू सुटतो. नंतर तो भाग चकचकीत काळा रंगवून त्यावर आल्क्लाडसारखा क्रोम रंग एअरब्रशने अगदी पातळ द्यावा. खालचा काळा जितका गुळगुळीत, तितके वरचे क्रोम खरे.

प्रश्न : इंजिनाला वायरी आणि नळ्या जोडायच्या आहेत. कुठे थांबावे हे कळत नाही. जाणकार मित्र म्हणतात की माझे इंजिन ‘दोरखंडांनी बांधल्यासारखे’ दिसते.

उत्तर : मित्रांचा रोख जाडीकडे आहे. स्पार्क प्लगची वायर खऱ्या इंजिनात ७ ते ८ मिलिमीटर जाड असते, म्हणजे १:२४ मध्ये ०.३ मिलिमीटर. हाताशी आलेली साधी विजेची बारीक वायर आवरणासकट एक मिलिमीटर असेल, तर खऱ्या मापात ती अडीच सेंटिमीटरची, बागेतल्या पाण्याच्या नळीहून जाड झाली. रेडिएटरची नळी ३० ते ४० मिलिमीटरची असते, म्हणून तिला १.३ ते १.७ मिलिमीटरची डाख देण्याची तार घ्यावी. ती वाकवली की वाकलेलीच राहते. ब्रेकच्या आणि इंधनाच्या नळ्यांना पाव मिलिमीटरची तांब्याची तार पुरते. बोल्टचे डोके १० मिलिमीटरचे धरले तर ०.४ मिलिमीटर. जे काही लावायचे ते आधी चोविसाने भागून पाहावे आणि त्या मापाचे मिळत नसेल तर ते सोडून द्यावे. जाड तपशिलापेक्षा नसलेला तपशील नजरेला कमी खुपतो.

वायरी कुठून कुठे जातात याला मात्र नियम आहे. डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या, टोपणात ०.३५ मिलिमीटरच्या बिटाने हातड्रिल फिरवून छिद्रे पाडावीत, मध्यभागी कॉइलची एक आणि भोवती प्रत्येक सिलिंडरची एक. पुष्कळशा चार सिलिंडरच्या इंजिनांत ठिणगीचा क्रम १-३-४-२ असतो, आणि शेवरोलेच्या स्मॉल-ब्लॉक व्ही-८ मध्ये तो पूर्वापार १-८-४-३-६-५-७-२ असा आहे. हा क्रम पाळला की वायरी एकमेकींना ओलांडत खऱ्या इंजिनासारख्या दिसतात. ओळीने एकेका सिलिंडरला जोडत गेल्यास त्या विंचरलेल्या दिसतात, आणि जाणकाराला ते पहिल्या नजरेत कळते.

थांबावे कुठे, याला माझे उत्तर असे की बॉनेट उघडून वरून जे दिसते तेवढेच करावे. गिअरबॉक्सच्या खालची जोडणी कोणी पाहणार नाही. त्याऐवजी तोच वेळ रंगांच्या पोतावर घालवावा. ओतीव ॲल्युमिनियम मंद करडे, रबराच्या नळ्या पूर्ण निस्तेज, रंगवलेली वाल्व्हची झाकणे अर्धवट चकचकीत, आणि एक्झॉस्टचे लोखंड किंचित तपकिरी, एवढे वेगळेपण आणले तरी एकही वायर नसलेले इंजिन खरे वाटू लागते. संदर्भासाठी छायाचित्रे पाहताना प्रदर्शनासाठी नव्याने सजवलेली मोटार आणि कारखान्यातून निघालेली मोटार यांत फरक करावा. सजवलेल्या मोटारीत मूळच्या काळ्या भागांवरही क्रोम चढवलेले असते.

हल्ली थ्रीडी प्रिंटरवर छापलेली इंजिने आणि चाके मिळतात आणि त्यांतला तपशील साच्याच्या प्लॅस्टिकला झेपणारा नाही. त्यांवरच्या थरांच्या रेघा प्रायमरआधी घासाव्यात. घरी छापत असाल तर प्रिंटरमधले न वाळलेले द्रव रेझिन कातडीला लागू देऊ नये, कारण त्याची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही.

प्रश्न : काच सुपरग्लूने बसवली आणि दुसऱ्या दिवशी तिच्यावर पांढरट धुके आले.

उत्तर : सुपरग्लूची वाफ आसपासच्या पृष्ठभागावर बसून हवेतल्या ओलाव्याने घट्ट होते, त्याचे हे धुके आहे. काचेला पांढरा गोंद वापरावा. तो वाळल्यावर पारदर्शक होतो आणि चुकून सांडला तर ओल्या काडीने पुसता येतो. धुके आलेली काच निघत असेल तर २००० नंबरपासून पुढे घासून पॉलिश करावी. प्लॅस्टिकच्या इतर सांध्यांना मात्र पातळ सॉल्व्हंट सिमेंटच उत्तम. ते केशाकर्षणाने सांध्यात शिरते आणि दोन्ही कडा विरघळवून एकजीव करते.

प्रश्न : दारांच्या फटींत काळी शाई सोडली. पांढरी मोटार त्यामुळे कागदावर रेघांनी काढल्यासारखी दिसते. कुठे चुकले?

उत्तर : काळा रंग गडद मोटारींसाठी ठेवावा. फटीत दिसते ती सावली, आणि सावलीला आजूबाजूच्या रंगाची झाक असते. पांढऱ्याला मध्यम करडा, लालला गडद तपकिरी, पिवळ्याला विटकरीकडे झुकणारा तपकिरी रंग घ्यावा. उघडणाऱ्या भागांच्या फटी गडद असाव्यात, आणि इंधनाच्या झाकणाची रेघ त्यांहून हलकी. लॅकरवर इनॅमलचा पातळ रंग सोडून जास्तीचा थिनरच्या काडीने पुसला तर खालच्या रंगाला धक्का लागत नाही. येथे एक सावधगिरी हवी. उघड्या प्लॅस्टिकवर, विशेषतः ताण असलेल्या आसांच्या आणि सस्पेन्शनच्या भागांवर, इनॅमलचे थिनर साचू दिले तर ते भाग तडकून तुटतात.

प्रश्न : रेसच्या गाडीचे डिकॅल्स (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील नावे व चित्रे) वळणावर बसत नाहीत, सुरकुत्या पडतात. शिवाय छायाचित्रातल्या गाडीवर असलेली काही नावे किटमध्ये नाहीतच.

उत्तर : नावे बहुधा सिगारेट कंपन्यांची असतील. तंबाखूच्या जाहिरातींवरील निर्बंधांमुळे किट बनवणारे ती वगळतात आणि स्वतंत्रपणे छापलेले डिकॅल्स विकत घ्यावे लागतात.

सुरकुत्यांसाठी दोन द्रव्ये लागतात. एक डिकॅलखाली, पकड यावी म्हणून, आणि दुसरे वरून, तो मऊ व्हावा म्हणून. दुसरे लावल्यावर डिकॅल आकसून भयंकर दिसू लागतो. त्या वेळी त्याला हात न लावणे हेच कौशल्य आहे, कारण वाळताना तो आपोआप ताणला जाऊन पृष्ठभागावर बसतो. आरशाच्या गोलाईसारख्या दुहेरी वळणावर तेवढ्याने भागत नाही. तेथे नजरेस न येणाऱ्या जागी काप द्यावा. वरून पारदर्शक लॅकर द्यायचे असेल तर पहिले दोन हात कोरड्या धुक्यासारखे द्यावेत. ओला थर एकदम दिला तर डिकॅल विरघळून सरकतो. पिवळे पडलेले जुने डिकॅल्स उन्हाच्या खिडकीच्या काचेला आतून चिकटवून ठेवले तर काही दिवसांत बरेच उजळतात. ते तडकण्याची शंका असेल तर पाण्यात टाकण्याआधी त्यांवर पारदर्शक थर द्यावा.

प्रश्न : चकाकीसाठी मोटारींच्या गॅरेजमध्ये वापरतात तो दोन भाग मिसळून द्यायचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर, घरी फवारता येईल का? साधा मास्क पुरेल का?

उत्तर : घरी फवारू नये. त्यात मिसळायच्या दुसऱ्या भागात, म्हणजे हार्डनरमध्ये, आयसोसायनेट असते. ते श्वसनमार्गाला संवेदनशील करते, त्यातून दमा जडू शकतो, आणि त्याचा वास धोक्याची पातळी ओलांडल्यावरच कळतो, म्हणून नाकावर विसंबता येत नाही. व्यावसायिक लोक बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा लावून हे काम करतात. लॅकर क्लिअर आणि कंपाउंडने तितकीच चकाकी येते, फक्त वेळ अधिक लागतो.

धूळ अडवणारा साधा मास्क थिनरची वाफ अडवत नाही. कोणत्याही लॅकरसाठी सेंद्रिय वाफेचे काडतूस असलेला मास्क आणि जिच्यात फवारायचे ती, बाहेर हवा फेकणारी पेटी हवी, आणि त्या पंख्याची मोटर वाफेच्या वाटेत नसावी, कारण तिची ठिणगी पेट घ्यायला पुरेशी होते. रेझिनचे भाग पाण्याने ओले करूनच घासावेत.

प्रश्न : बऱ्याच वर्षांनी एक जुने किट उघडले. रबरी टायर बॉडीला टेकून राहिले होते, आणि तेथे प्लॅस्टिक वितळल्यासारखे खचले आहे. जोडून ठेवलेल्या दुसऱ्या गाडीची रिम्सही टायरमध्ये रुतली आहेत. उष्णतेने असे झाले का?

उत्तर : उष्णतेने वेग वाढतो, पण कारण वेगळे आहे. जुने टायर बहुधा रबराचे नसून मऊ पीव्हीसीचे असतात. पीव्हीसी मऊ राहावे म्हणून त्यात घातलेले तेलकट द्रव्य हळूहळू बाहेर झिरपते आणि टेकलेल्या पॉलिस्टायरीनला, म्हणजे किटच्या प्लॅस्टिकला, मऊ करते. न जोडलेली किट ठेवताना म्हणूनच टायर वेगळ्या पिशवीत काढून ठेवावेत आणि ते काचांना तर मुळीच टेकू देऊ नयेत. जोडताना रिमच्या ज्या भागाला टायर घासते तेथे नळजोडणीत वापरतात ती पांढरी टेफ्लॉन टेप किंवा फॉइलची पट्टी गुंडाळावी. खचलेली जागा आधी पूर्ण घट्ट होऊ द्यावी, मऊ थर खरवडून काढावा, मगच लांबी (पुट्टी) भरून घासावी. मऊ प्लॅस्टिकवर भरलेली लांबी धरत नाही. रिम्स रुतली असतील तर ती बदलणे सोपे पडते. आतल्या काठापर्यंत वितळलेली रिम भरून पुन्हा गोल करण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात दुसऱ्या किटची चाके बसवून होतात.